चार मायक्रॉन आणि चार लाख फेरे

डेंटिस्टच्या खुर्चीत आडवं झाल्यावर कानाशी जी बारीक, तीक्ष्ण शीळ सुरू होते, त्या यंत्राला दवाखान्यात ‘एअरोटर’ म्हणतात. त्याच्या टोकाला हिऱ्याचे कण बसवलेली छोटी सुई असते आणि ती मिनिटाला तीन ते चार लाख फेरे घेते. चार लाख धरले तर सेकंदाला साडेसहा हजारांहून जास्त. डोळ्याची पापणी लवायला सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा लागतो. तेवढ्यात सुईचे दोन हजारांवर फेरे होतात. सुई एक मिलिमीटर जाडीची असेल, तर तिची कड ताशी 75 किलोमीटर वेगाने धावत असते. मोकळ्या रस्त्यावर एसटी जशी धावते, तसा हा वेग, आणि तो आपल्या जिभेपासून बोटभर अंतरावर!

या वेगापर्यंत पोहोचायला माणसाला किती काळ लागला, ते पाहण्यासारखं आहे. बलुचिस्तानात बोलन खिंडीजवळ मेहरगढ नावाचं ठिकाण आहे. तिथल्या दफनभूमीत नऊ माणसांच्या मिळून 11 दाढा सापडल्या, ज्यांना मुद्दाम भोकं पाडलेली होती. काळ आजपासून साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीचा. भोकांचा व्यास 1.3 ते 3.2 मिलिमीटर. गारगोटीचं टोक लावलेला आणि कमठ्याच्या दोरीने फिरवायचा सामता वापरून ती पाडली असावीत, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. मणी विंधणाऱ्या कारागिरांकडे हे हत्यार होतंच. संशोधकांनी तसाच सामता करून पाहिला, तेव्हा दाताला भोक पडायला मिनिटभरही लागलं नाही. सगळ्या दाढाच, समोरचा एकही दात नाही. म्हणजे हे शोभेसाठी केलेलं नव्हतं. भोकांच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या आहेत. म्हणजे ती माणसं त्यानंतरही जगली, त्याच दाढांनी चावून जेवली. भूल नाही, दिवा नाही, हातात गारगोटी. मला या 11 दाढांपुढे नतमस्तक व्हावंसं वाटतं.

पुढची हजारो वर्षं वेगात विशेष फरक पडला नाही. 1871 मध्ये अमेरिकेत जेम्स मॉरिसन याने शिलाई मशीनसारखं पायाने चालवायचं यंत्र आणलं. ते फार तर मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेरे घ्यायचं. मग वीज आली. 1949 मध्ये न्यूझीलंडच्या जॉन वॉल्श यांनी दाबाच्या हवेवर फिरणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि 1957 मध्ये जॉन बोर्डेन यांचा एअरोटर बाजारात आला. तीन लाख फेरे! मॉरिसनपासून बोर्डेनपर्यंत 86 वर्षं, आणि वेग दीडशे पट. एक्स-रेची गोष्टही अशीच. रंटजेन यांनी 1895 च्या नोव्हेंबरमध्ये क्ष-किरण शोधले आणि दोन-तीन महिन्यांतच ऑटो वॉल्कहॉफ या जर्मन डेंटिस्टने स्वतःच्या दातांचा फोटो घेतला. त्यासाठी त्याला 25 मिनिटं हलायचं नव्हतं. आज सेकंदाच्या अंशात काम होतं.

पण हे सगळे आकडे दात कोरण्याचे झाले. दात घडण्याचा आकडा वेगळाच आहे आणि मला तो जास्त थक्क करतो.

दाताचं वरचं पांढरं कवच म्हणजे इनॅमल. शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, वजनाने 96 टक्के खनिज. हिरडीच्या आत दात तयार होत असताना काही खास पेशी हे कवच रचतात, दिवसाला साधारण चार मायक्रॉन. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. म्हणजे एका केसाएवढी जाडी भरायला अडीच आठवडे. दाढेच्या उंचवट्यावरचा अडीच मिलिमीटरचा थर चढायला सव्वासहाशे दिवस. हे कवच सूक्ष्म कांड्यांचं बनलेलं असतं. एका दातात त्या 50 लाखांपासून 1 कोटी 20 लाखांपर्यंत असतात, एकीला एक बिलगून. आणि दात हिरडीबाहेर येतो, तेव्हा या कारागीर पेशी संपून गेलेल्या असतात. हाड जुळतं, कातडी भरून येते. गेलेलं इनॅमल शरीर पुन्हा घडवत नाही. पावणेदोन वर्षांत चढलेला थर एअरोटरखाली काही सेकंदांत जातो.

त्याच्या आतलं डेंटिनही नीट बघा. त्यात बारीक नळ्या असतात, एका चौरस मिलिमीटरमध्ये वीस हजारांच्या वर. थंड पाण्याची कळ मस्तकात जाते ती या नळ्यांमधून. सगळ्यात आत जिवंत गाभा. 1965 मध्ये माकडांच्या दातांवर प्रयोग झाले. गाभ्याचं तापमान 5.5 अंशांनी वाढलं, तेव्हा 15 टक्के गाभे परत सावरले नाहीत. एअरोटरमधून सारखा पाण्याचा फवारा उडतो, तो यासाठी.

दाढ भरून झाली की डॉक्टर निळा कागद दातांत धरतात. ‘‘चावा बघू. उंच लागतंय का?’’ आपण दोनदा टकटक करतो आणि म्हणतो, ‘‘हो, थोडंसं लागतंय.’’ हे ‘थोडंसं’ कधी कधी केवळ 20 मायक्रॉन असतं, केसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. ज्या दाढेने आपण साठ-सत्तर किलोचा जोर लावून सुपारी फोडू शकतो, त्याच दाढेला भातातला एवढासा खडाही कळतो.

आता शत्रूपक्षाचा आकडा. सकाळी दातांवर बोट फिरवलं की जो बुळबुळीत थर लागतो, तो एक मिलिग्रॅम घेतला, तर त्यात दहा कोटींहून जास्त जिवाणू असतात. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या होती 11 कोटी 24 लाख. साखर मिळाली की यांतले काही आम्ल तयार करतात. तोंडाचा पीएच 7 वरून 5.5 च्या खाली गेला की इनॅमल विरघळू लागतं. आकड्यात दीडाचा फरक दिसतो, पण आम्लता तीसपट झालेली असते. तोंड पूर्ववत व्हायला अर्धा तास तरी जातो. दिवसातून सहा वेळा गोड चहा-बिस्किट झालं की दात तीन तास आम्लात.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेचा 2022 चा अहवाल सांगतो की जगात सुमारे 350 कोटी लोकांना तोंडाचा काही ना काही आजार आहे, आणि त्यांतल्या 200 कोटी लोकांचे कायमचे दात किडलेले आहेत, उपचाराविना. हिशेब करून पाहा. प्रत्येकाचा एकच दात भरायचा, दाताला वीस मिनिटं, एकच खुर्ची, रात्रंदिवस काम. 76 हजार वर्षं लागतील. मेहरगढच्या त्या कारागिराने तेव्हा सुरुवात केली असती आणि हात एकदाही थांबला नसता, तरी आज आठवा हिस्साही पुरा झाला नसता. खुर्च्या लाखो आहेत हे खरं, पण त्या शहरांत आहेत आणि कीड गावोगाव आहे. नुसत्या एअरोटरने हे आवरणार नाही.

आवरतं ते फार लहान आकड्यांनी. 1945 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहराने नळाच्या पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅम फ्लोराइड घातलं. दहा हजार लिटरच्या टँकरमागे दहा ग्रॅम. तिथे नंतर जन्मलेल्या मुलांमधली कीड 60 टक्क्यांहून जास्त कमी झाली. हेच प्रमाण दीडच्या वर गेलं की दात डागाळतात आणि आणखी वाढलं तर हाडंही वाकतात. यवतमाळ, चंद्रपूरच्या कित्येक बोअरवेलवाल्या गावांनी ते भोगलंय. तिथे फ्लोराइड घालायचं नाही, काढायचं आहे. टूथपेस्टमधलं फ्लोराइड मात्र थुंकून टाकायचं असतं.

दोन वेळा दोन-दोन मिनिटं ब्रश केला, तर वर्षाचे होतात 24 तास आणि थोडी मिनिटं. वर्षातला एक दिवस.

घरात सहा-सात वर्षांचं मूल असेल, तर आज रात्री टॉर्च घेऊन त्याच्या तोंडात बघा. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ आलेली असेल. ती येताना एकही दात पडत नाही, म्हणून आई-वडील तिलाही दुधाचीच समजतात आणि किडली तरी ‘पडेलच’ म्हणून सोडून देतात. तिचं इनॅमल त्या मुलाच्या जन्माच्या सुमाराला रचायला लागलं होतं. ती दुधाची नाही. तिच्या जागी दुसरी येणार नाही.