जिप्सम बोर्डच्या भिंती आणि जड वस्तूंचा भार

कावेरीकाठच्या कुंभकोणमहून परतणारा मराठी यात्रेकरू सहसा रिकाम्या हाताने येत नाही. नाचियारकोविलचा पितळी दीप, स्वामीमलईची धातुमूर्ती किंवा तंजावर शैलीचे चित्र यांपैकी काहीतरी त्याच्या सामानात असतेच. तंजावर चित्राशी तर आपले नाते जुने आहे. १८५५ पर्यंत तंजावर येथे भोसले घराण्याची गादी होती आणि दुसऱ्या सरफोजीराजांच्या कारकिर्दीत (१७९८-१८३२) या कलेला मोठा आश्रय मिळाला. लाकडी फळीवर कापड चिकटवून, खडूची पूड व डिंक यांच्या लेपाने उठाव देऊन, सोन्याचा वर्ख आणि खडे बसवून हे चित्र सिद्ध होते. त्यावर काच आणि सागवानी चौकट चढली की मोठ्या चित्राचे वजन सहज दहा-पंधरा किलो भरते.

कुंभकोणमच्या जुन्या घरात असे चित्र एका लोखंडी खिळ्यावर अनेक वर्षे राहू शकते, कारण तेथील विटा-चुन्याची जाड भिंत भरीव असते. त्याच घरातील झोपाळाही सागवानी तुळईला टांगलेला असतो. आज कार्यालये, दवाखाने, शिकवणी वर्ग आणि नव्या सदनिकांतून विटांच्या आडभिंतीऐवजी जिप्सम बोर्ड वापरले जाते. वरून रंग दिल्यावर दोन्ही भिंती सारख्याच दिसतात. फसगत होते ती येथेच.

जिप्सम बोर्ड म्हणजे दोन जाड कागदांच्या मध्ये घट्ट झालेला जिप्समचा थर. त्याची नेहमीची जाडी साडेबारा मिलिमीटर असते. जस्तलेपित पत्र्याच्या उभ्या पट्ट्या, म्हणजे स्टड, साधारणपणे दोन-दोन फुटांवर उभ्या करून त्यांच्या दोन्ही अंगांस हे बोर्ड स्क्रूने बसवितात. मधली जागा पोकळ असते. या बांधणीचे गुण नाकारण्याचे कारण नाही. ती हलकी असते, लवकर उभी राहते आणि मुख्य म्हणजे जिप्सम जळत नाही. त्याच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा स्फटिकात बद्ध असलेले पाणी असते. आगीत ते वाफ होऊन निघून जाईपर्यंत भिंतीची मागील बाजू फारशी तापत नाही. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणम येथील एका शाळेत स्वयंपाकघरातील आग शाकारलेल्या छपराला लागून ९४ बालकांचा बळी गेला. त्या घटनेची आठवण असलेल्या कोणालाही न जळणाऱ्या साहित्याचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. परंतु आगीला दाद न देणारी भिंत भार पेलणारी असतेच असे नाही. मुलांच्या डोक्यावर पुस्तकांची फळी बसविताना हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे.

वस्तूचे वजन किती, हा प्रश्न सर्वजण विचारतात. ती भिंतीपासून किती पुढे येते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. भिंतीला टेकून राहणारे पंधरा किलोचे चित्र मुख्यतः खाली ओढते. तितक्याच वजनाचा दूरदर्शन संच पुढे ओढता येणाऱ्या हातावर बसवून भिंतीपासून अर्धा मीटर पुढे आणला आणि पट्टीच्या वरच्या व खालच्या स्क्रूंमध्ये वीस सेंटिमीटर अंतर असले, तर वरच्या स्क्रूंवर भिंतीबाहेर खेचणारा जोर सुमारे साडेसदतीस किलो पडतो. खालच्या दिशेचा भार बोर्ड बऱ्यापैकी सोसते, बाहेर खेचणारा ओढा मात्र त्याला सोसत नाही.

पकड कोणती निवडावी?

कारागीर ज्याला ‘गिट्टी’ म्हणतात तो प्लास्टिकचा साधा प्लग विटेच्या भिंतीसाठी असतो. छिद्रात फुगून तो चहूबाजूंच्या विटेला दाबून धरतो. बोर्डमध्ये त्याला धरायला जेमतेम साडेबारा मिलिमीटर जाडी मिळते आणि दार आपटण्याच्या धक्क्यांनीही छिद्र सैल होत जाते. कॅलेंडर किंवा लहान घड्याळ यांपलीकडे त्यावर विसंबू नये. रुंद आट्यांचा, बोर्डमध्ये स्वतःच फिरत शिरणारा प्लग थोडा बरा, पण तोही हलक्या वस्तूंसाठीच. त्याहून भरवशाचा प्रकार म्हणजे ज्याचे धातूचे पाय बोर्डच्या मागे उघडून दुमडतात तो, किंवा स्प्रिंगचे पंख पोकळीत उघडणारा टॉगल बोल्ट. हे बोर्डला मागून मोठ्या क्षेत्रावर कवटाळतात, म्हणून अधिक भार घेतात. तरीही अखेर भार बोर्डवरच राहतो. पाकिटावर छापलेला आकडा पुष्कळदा पकड तुटण्याचा असतो. प्रस्तुत लेखकाच्या मते त्याच्या चौथ्या हिश्शावर जाऊ नये.

खऱ्या जड वस्तूचा भार सांगाड्यावरच नेला पाहिजे. स्टड शोधण्यासाठी साधा लोहचुंबक पुरतो. बोर्ड बसविलेल्या स्क्रूंची डोकी एका उभ्या रेषेत असतात आणि तेथे चुंबक चिकटतो. स्टडचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच असतो, म्हणून एका स्क्रूवर सारे न सोपविता दोन स्टडांना जोडणारी लाकडी पट्टी आधी बसवावी आणि वस्तू त्या पट्टीला टांगावी. भिंत उभारली जात असतानाच स्वयंपाकघरातील कपाटे, पाणी तापविण्याचे यंत्र वा दूरदर्शन संच यांच्या जागी बोर्डमागे प्लायवूड घालून घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय, आणि नेमका तोच विसरला जातो. पंखा किंवा झोपाळा जिप्समच्या खोट्या छताला कधीही टांगू नये, त्याचा हूक वरच्या स्लॅबमध्येच हवा.

जिप्समचा दुसरा प्रकारही आता परिचित होत आहे. खतनिर्मितीत उरणाऱ्या फॉस्फोजिप्समपासून काचतंतूंनी बळकट केलेले १२४ मिलिमीटर जाडीचे पोकळ फलक बनविण्याचा उद्योग मुंबईच्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सने आणि कोचीच्या फॅक्टने हाती घेतला. चेन्नईच्या आयआयटीने २०१३ मध्ये आपल्या परिसरात अशा फलकांची दुमजली प्रात्यक्षिक इमारत उभारली. या फलकांतील काही कप्पे काँक्रीटने भरलेले, काही रिकामे असू शकतात. भरलेल्या कप्प्यात बोल्ट घट्ट बसतो, रिकाम्यात मात्र पातळ कवचच हाती लागते. म्हणून कोणते कप्पे भरले आहेत याचा नकाशा घरमालकाने मागून घ्यावा.

छिद्र पाडताना ड्रिलची ठोक्याची कळ बंद ठेवावी, कारण ठोक्याने मागचा कागद फाटतो. विजेच्या बटनांच्या सरळ वर वा खाली तारा असण्याचा संभव असल्याने तेथे छिद्र टाळावे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस पडतो, कोकणात जून ते सप्टेंबर. पाणी मुरलेले बोर्ड मऊ पडते आणि उन्हाळ्यात घट्ट असलेली पकड तेव्हा सुटू शकते. पावसाळ्यानंतर एकदा हलवून पाहावे. स्क्रू डुलत असेल तर तो पुन्हा आवळून उपयोग होत नाही. छिद्र बुजवून नवी पकड थोड्या अंतरावर, कोरड्या व अखंड भागात घ्यावी.