महायुद्धाच्या काळातील पाच विद्यार्थिनी

कोथरूडला लागून असलेल्या आजच्या कर्वेनगरास पूर्वी हिंगणे बुद्रुक म्हणत. युरोपात पहिले महायुद्ध ऐन भरात असताना, १९१६ साली, जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून स्फुरण पावलेल्या महर्षी कर्व्यांनी येथे भारतवर्षीय महिला विद्यापीठ स्थापिले, आणि प्रारंभी त्याच्या महाविद्यालयात विद्यार्थिनी होत्या अवघ्या पाच! सरकारदरबारी मान्यता नसताही शिक्षण मातृभाषेतून द्यावे, इंग्रजी मात्र सक्तीचे ठेवावे, हा निर्णय मला अद्यापि विलक्षण धाडसाचा वाटतो. कुलपती होते डॉ. रा. गो. भांडारकर. पुढे १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी जाहीर केली आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव विद्यापीठास लाभले.