अंगात पाणी झालंय, पण कशामुळे?

आमच्या वाकोल्यात कुणाचे पाय सुजले, चेहरा फुगला, की शेजारपाजारचे म्हणतात, "अंगात पाणी झालंय." दत्त मंदिर रोडमागच्या आमच्या चाळीत लग्न होऊन आल्यापासून मी हे वाक्य कितीदा तरी ऐकलं आहे. इंग्रजी डिस्चार्ज कार्डावर तेच वाक्य ‘फ्लुइड ओव्हरलोड’ होऊन येतं. डॉक्टरांनी लिहिलं, म्हणजे आजाराचं नाव कळलं असं घरच्यांना वाटतं. पण कळलेलं असतं ते इतकंच, की पाणी साठलं आहे.

मी गेली अकरा वर्षं मेडिकल कोडिंग करते. ऑफिस अंधेरीला, सीप्झच्या बाजूला. अमेरिकेतल्या रुग्णालयांचे चार्ट वाचायचे आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या प्रत्येक निदानाला त्याचा कोड द्यायचा, हे माझं काम. हे कोड ज्या यादीतून येतात तिचं मूळ १८९३ सालातलं. फ्रान्सच्या जाक बर्तियाँ यांनी तेव्हा मृत्यूच्या कारणांची एक यादी मांडली. देशोदेशीचे मृत्यू एकाच मापाने मोजता यावेत, हा उद्देश. पुढे त्यात आजारही आले आणि यादी जागतिक आरोग्य संघटनेकडे गेली. तिची दहावी आवृत्ती, म्हणजे आयसीडी-१०, आपल्याकडच्या विमा दाव्यांतही वापरतात. रुग्णालयाने भरायच्या क्लेम फॉर्मच्या ‘ब’ भागात मुख्य निदान, इतर निदानं आणि सोबतचे आजार यांच्या कोडसाठी वेगवेगळे रकाने असतात. अंगात पाणी साठण्याचा कोड आहे ई८७.७.

रोज दुसऱ्यांचे चार्ट वाचणाऱ्या माझ्या हातात गेल्या वर्षी घरचंच कार्ड आलं.

माझे सासरे, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. बीपी जुनं, किडन्या निकामी झालेल्या, सोमवार-बुधवार-शुक्रवार डायलिसिस. शुक्रवार ते सोमवार हा मधला खंड आठवड्यातला सगळ्यात मोठा, आणि सगळ्यात जोखमीचाही. त्या रविवारी त्यांनी भाकरीबरोबर सुकटीची चटणी मागून घेतली. मीच वाढली. रात्री दोनला जाग आली तेव्हा अप्पा खिडकीशी बसलेले होते. "आडवं झालं की दम लागतो गं," एवढंच म्हणाले. मी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबून धरला. उचलला तर खळगा तसाच राहिला, भरून यायलाच तयार नाही. काट्यावर उभं केलं: ६१ किलो ४०० ग्रॅम. डायलिसिसच्या डॉक्टरांनी ठरवून दिलेलं कोरडं वजन, म्हणजे जादा पाणी काढून टाकल्यावर असायला हवं ते, ५८ होतं. दोन दिवसांत चरबी एवढी चढत नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा हे जवळपास साडेतीन लिटर पाणीच होतं.

एक लिटर सलाईनच्या बाटलीत नऊ ग्रॅम मीठ असतं. आपल्या अंगातलं पाणीही साधारण त्याच खारटपणाचं असतं आणि शरीर ते प्रमाण सोडत नाही. मीठ वाढलं की तहान लागते आणि पाणी पोटात जातं. ज्याची लघवी जवळपास थांबली आहे त्याने जादा खाल्लेलं प्रत्येक नऊ ग्रॅम मीठ लिटरभर पाणी धरून ठेवतं. आधी पायात, मग फुप्फुसात. म्हणून डायलिसिसच्या माणसाला नुसतं "पाणी कमी प्या" सांगून भागत नाही. लोणचं, पापड, सुकट आधी बंद व्हायला हवं. त्या रविवारी सुकट वाढली ही चूक माझी होती आणि ती मला अजून सलते.

रात्रीच दाखल केलं. तातडीचं डायलिसिस झालं, तीन लिटर पाणी काढलं, चौथ्या दिवशी घरी सोडलं. कार्डावर निदानाच्या जागी दोनच शब्द: फ्लुइड ओव्हरलोड. फॉर्ममध्ये एकच कोड: ई८७.७. आठवड्याने टीपीएची, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेची, क्वेरी आली. नोंदवलेल्या निदानावरून चार दिवस दाखल ठेवण्याची गरज स्पष्ट होत नाही, म्हणे. मला राग आला, पण कोडर म्हणून तो कागद वाचला तेव्हा कबूल करावं लागलं, की त्यावर खरंच काही स्पष्ट होत नव्हतं.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आमच्या घरात छातीभर पाणी होतं. त्या दिवसाबद्दल अप्पा म्हणतात, "घरात पाणी शिरलं हे तर पोरालाही दिसत होतं. वाकोला नाला का तुंबला, ते सांगणारा पाहिजे होता." सुजेचंही तेच आहे. वैद्यकाला हे कळायला शतकं लागली. युरोपात जुन्या काळी अंगात पाणी होणं हाच एक आजार मानत. १७८५ साली विल्यम विदरिंग यांनी फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीने अशा कित्येकांची सूज उतरते हे मांडलं. त्यातल्या बहुतेकांचं हृदय थकलेलं असणार हे आज कळतं. १८२७ साली लंडनच्या रिचर्ड ब्राइट यांनी सुजलेल्या रुग्णांच्या लघवीत प्रथिन आणि शवविच्छेदनात बिघडलेल्या किडन्या दाखवल्या. आणि १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं. हजारो माणसं सुजली, साठहून अधिक दगावली. तिथे पहिला दोष हृदयाचाही नव्हता आणि किडनीचाही नव्हता, तो तेलात होता.

म्हणून आमच्या कामातले नियम कडक असतात. हृदय कमकुवत झाल्यामुळे पाणी साठलं असेल तर कोड हार्ट फेल्युअरचा, आय५०. पाणी साठणं हा त्या आजाराचाच भाग, त्याला वेगळा कोड द्यायचा नाही. हृदय ठीक असून डायलिसिस चुकल्यामुळे साठलं असेल तर ई८७.७ येतो, पण सोबत किडनीचा एन१८ हवा. बीपी, हार्ट फेल्युअर आणि किडनीचा जुना आजार एकत्र असतील तर आय१३ हा जोडकोड. नुसती पायावर सूज असेल आणि कारण लागलेलं नसेल तर आर६०. अमेरिकेच्या यादीत तर रक्त चढवताना अंगात पाणी जास्त झालं तर त्याला ई८७.७१ हा स्वतंत्र कोड आहे. तो हवाच, कारण ज्याला वेगळं नाव नाही ते मोजलं जात नाही.

पण हे सगळं डॉक्टरांनी लिहिलेलं असेल तरच. अप्पांच्या टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ३० टक्केच, म्हणजे बरंच कमी, आलं होतं. तो रिपोर्ट फाइलमध्येच होता. तरी रिपोर्ट बघून कोडरने स्वतःच्या मनाने हार्ट फेल्युअर लिहायचं नसतं. निदान करणं हा डॉक्टरांचा अधिकार. आम्ही फक्त प्रश्न विचारायचा, आणि तोही उत्तर तोंडात न घालता.

मी रुग्णालयात गेले तेव्हा ड्यूटीवर एक तरुण आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, होते, डोळे जागरणाने लाल. "हार्ट फेल्युअर लिहा" हे शब्द माझ्या जिभेवर होते. ते मी गिळले. क्लेमसाठी निदान सुचवणं हा माझ्या पेशात गुन्हा आहे आणि घरच्या माणसासाठी तो पुण्य ठरत नाही. मी फाइल पुढे ठेवून एवढंच विचारलं, "डॉक्टर, पाणी कशामुळे साठलं ते कार्डावर लिहाल का?" त्यांनी इको काढला, क्ष-किरणाची फिल्म दिव्यासमोर धरली, वरिष्ठांना फोन लावला. मग चार ओळी लिहिल्या: जुना उच्च रक्तदाब, हार्ट फेल्युअर, किडनीचा शेवटच्या टप्प्यातला आजार, फुप्फुसात पाणी. नवीन काहीच नव्हतं. सगळं त्यांना आधीपासून माहीत होतं, कागदाला माहीत नव्हतं.

क्लेम तीन आठवड्यांनी मंजूर झाला. पण माझ्या लेखी मोठी गोष्ट दुसरीच. त्या चार ओळी वाचून डायलिसिसच्या डॉक्टरांनी अप्पांचं कोरडं वजन ५८वरून ५७ केलं आणि हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ‘फ्लुइड ओव्हरलोड’ एवढंच वाचून हे कुणाला सुचलं असतं असं मला वाटत नाही.

तुमच्या घरच्या कार्डावर हे दोनच शब्द असतील तर सही करून घरी निघण्याआधी थांबा. सिस्टरना नाही, बिलिंगच्या खिडकीवर नाही, डॉक्टरांनाच विचारा, पाणी कशामुळे साठलं ते. उत्तर तोंडी घेऊ नका, कार्डावर लिहून घ्या. आणि घरी जाताना रुग्णाचं त्या दिवसाचं वजन त्याच कार्डाच्या कोपऱ्यात तारखेसह टिपून ठेवा.