वणवा आणि दोन देशांचे कायदे

होळीच्या सुमारास पाटणकडे किंवा शिराळ्याहून चांदोलीकडे रात्रीं जाणाऱ्या प्रवाशास डोंगराच्या अंगावर तांबडी रेघ सरकतांना दिसते. श्रोतेहो, हा वणवा बहुधा आपोआप लागत नाहीं. जुनें गवत जाळलें म्हणजे पावसाळ्यांत नवें जोमानें फुटतें, ही समजूत आपल्याकडे फार जुनी. माळावर लावलेली ती आग वाऱ्याबरोबर राखीव रानांत शिरते. कोयना व चांदोली हीं रानें २०१० सालीं सह्याद्रि व्याघ्रप्रकल्पांत एकत्र आलीं, तेव्हांपासून हा प्रश्न अधिकच नाजूक झाला आहे.

आपला वनकायदा १९२७ चा. राखीव जंगलास आग लावणें, किंवा त्यास धोका पोहोंचेल अशा रीतीनें आग पेटती ठेवणें, हा त्याच्या २६ व्या कलमान्वयें गुन्हा आहे. ७९ व्या कलमाप्रमाणें जंगलांत चराईचा वा लाकूडफाट्याचा हक्क भोगणाऱ्यानें वणव्याची वर्दी दिली पाहिजे आणि कोणी बोलावण्याची वाट न पाहतां तो विझविण्यास धांवलें पाहिजे. येथवर ठीक. परंतु आग जाणूनबुजून वा घोर हयगयीनें लागल्यास त्या भागांतील चराईचे हक्क तहकूब करण्याची मुभा तेंच २६ वें कलम सरकारास देतें. काडी ओढणारा एक, तोही अंधारांत नाहींसा झालेला. आणि उपाशी राहणार तीं साऱ्या वाडीचीं गुरें! ज्याच्याकडून वर्दी हवी त्याच्याच पोटावर हा धाक असेल, तर तो तोंड कसें उघडील?

गोमंतकामुळें आपणांस परिचित असलेल्या पोर्तुगालची तऱ्हा निराळी. तेथील जंगल बव्हंशीं खाजगी मालकीचें. २००६ च्या कायद्यानें घरांभोंवतींच्या ५० मीटर पट्ट्यांतील झाडोरा विरळ करणें जमीनधारकावर बंधनकारक केलें. त्यानें न केल्यास दंड, शिवाय नगरपालिकेनें तें काम करून खर्च वसूल करावा. माळावरचें गवत वेळीं कापण्याची अशी सक्ती आपला वनकायदा मालकावर करीत नाहीं.

तरीहि जून २०१७ मध्यें तेथें पेद्रोगांव ग्रांदे येथील वणव्यांत ६६ माणसें मेलीं, कित्येक तर मोटारींतून पळतांना रस्त्यावरच. त्यानंतर अंमलबजावणी कडक झाली. पण तुकडे लहान, मालक शहरांत, आणि कित्येकांचा पत्ताच ठाऊक नाहीं, ही अडचण उरलीच. पाटण, जावळी, शिराळा येथील माळांचे मालकहि मुंबईस असतात. तेव्हां तो कायदा जसाच्या तसा इकडे आणून भागणार नाहीं. मालक गांवीं नसेल तेथें राखीव रानाला लागून असलेला पट्टा कापण्याचें काम आणि तें गवत नेण्याचा हक्क, दोन्ही वाडीकडे द्यावींत. आणि तेंहि पौषांत, माळ वाळून कोळ होण्याआधीं.