लोणचे टिकते, मग मटार का टिकत नाही?

वैशाखाच्या उन्हात घरोघरी वाळवणे चालू असतात. गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे वाळत पडलेले असतात. कैऱ्या फोडून लोणचे घातले जाते, साखरांबा बरणीत भरला जातो. लोणच्याच्या बरणीला एकदा दादरा बांधला, की ते वर्षभर खुशाल टिकते. हिवाळ्यात मटारही असाच स्वस्त मिळतो. तो उकळून, बाटलीत भरून, झाकण घट्ट लावून ठेवला, तर लोणच्यासारखा वर्षभर टिकेल का? उत्तर आहे, नाही. इतकेच नव्हे, अशी बाटली एखाद्याच्या जिवावरही बेतू शकते. असे का होते, ते आपण पाहू.

अन्न नासते कशामुळे?

अन्न नासवणारे मुख्य शत्रू तीन : जिवाणू, किण्व (म्हणजे यीस्ट) आणि बुरशी. फळे-भाज्यांतील विकरेही त्यांच्या मदतीला असतात. या सूक्ष्मजीवांना वाढण्यासाठी पाणी, अन्न आणि योग्य तापमान लागते. अन्न टिकवायचे म्हणजे यांपैकी एखादी गोष्ट त्यांना मिळू द्यायची नाही. आपल्या आजी-पणजीने नेमके हेच केले.

पापड-सांडग्यांतले पाणी ऊन काढून घेते. लोणच्यात पाणी असते, पण ते मिठाने अडवून ठेवलेले असते. कैरीच्या फोडींना मीठ लावले, की थोड्याच वेळात खार सुटतो. फोडींच्या पेशींतले पाणी परासरणाने मिठाकडे ओढले जाते, म्हणून हे घडते. फोडीवर बसलेल्या जिवाणूचीही तीच गत होते. त्याच्या शरीरातले पाणी बाहेर ओढले जाते आणि त्याची वाढ थांबते. मुरांब्यात हेच काम साखर करते. मात्र त्यासाठी पाक चांगला दाट लागतो. पाक पातळ राहिला, तर मुरांबा फसफसतो किंवा त्यावर बुरा येतो, हे तुम्ही पाहिले असेल.

कैरीच्या लोणच्यात मिठाच्या जोडीला आणखी एक पहारेकरी असतो, तो म्हणजे कैरीचा आंबटपणा. वरचा तेलाचा थर हवा अडवतो, त्यामुळे बुरशीलाही वाव मिळत नाही.

बाटलीतला शोध

उष्णतेने अन्न टिकवण्याची रीत त्यामानाने अलीकडची. फ्रान्समधील निकोला आपेर हा मिठाई करणारा गृहस्थ. त्याने काचेच्या बाटल्यांत अन्न भरले, बुचे घट्ट बसवली आणि त्या बाटल्या उकळत्या पाण्यात बराच वेळ ठेवल्या. अन्न टिकले! सन १८१० मध्ये फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँकचे बक्षीस दिले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरंडने पत्र्याच्या डब्याचे पेटंट घेतले. अन्न का टिकते, हे मात्र आपेरला ठाऊक नव्हते. नासण्यामागे सूक्ष्मजीव असतात, हे लुई पाश्चरने दाखवून दिले, ते सुमारे पन्नास वर्षांनंतर.

उकळीला न जुमानणारा जंतू

सन १८९५ मध्ये बेल्जियममधील एलझेल या गावी एका अंत्यविधीसाठी वाजंत्री पथक आले होते. तेथे खारवलेले मांस खाऊन अनेक वादक आजारी पडले आणि तिघे दगावले. एमिल व्हान एर्मेंगेम या शास्त्रज्ञाने त्या मांसातून एक जिवाणू वेगळा केला. त्यालाच आज आपण क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम म्हणतो.

हा जिवाणू मातीत राहतो, त्यामुळे भाजीबरोबर तो सहज घरात येतो. परिस्थिती प्रतिकूल झाली, की तो टणक कवचाचा बीजाणू बनून पडून राहतो. हे बीजाणू १०० अंश सेल्सिअसला कित्येक तास उकळले तरी जिवंत राहू शकतात. त्यातून या जिवाणूला हवेतला ऑक्सिजन नकोच असतो. आता मटारच्या बाटलीचा विचार करा. उकळल्याने बाकीचे जिवाणू मेले, हवा निघून गेली, झाकण घट्ट बसले. म्हणजे आपणच या बीजाणूला हवे तसे घर बांधून दिले! साध्या तापमानाला तो रुजतो, वाढतो आणि अतिशय जहाल विष तयार करतो. अन्नाचा वास, रंग, चव पुष्कळदा बदलतही नाही. खाणाऱ्याला मात्र एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात, पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि अखेर श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. अशी लक्षणे दिसताच रुग्णाला रुग्णालयात हलवावे लागते.

४.६ ची लक्ष्मणरेषा

या जंतूची एक दुबळी बाजू आहे : त्याला आम्ल सोसत नाही. आम्लता आपण सामूने मोजतो. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो, आणि आम्ल वाढेल तसा तो कमी होत जातो. सामू ४.६ किंवा त्याहून कमी असेल, तर हा बीजाणू रुजत नाही. कैरी, लिंबू, आवळा या रेषेच्या बऱ्याच खाली आहेत. असे पदार्थ बाटलीत भरून उकळत्या पाण्यात ठेवले, तर पुरते.

टोमॅटो आणि पिकलेला आंबा रेषेच्या जवळपास येतात. म्हणून टोमॅटोचा रस किंवा आमरस बाटलीत भरताना त्यात सायट्रिक आम्ल घालतात. मटार, मका, फरसबी, अळिंबी, मांस, मासे हे सगळे रेषेच्या वर. त्यांना सुमारे १२१ अंश तापमान लागते आणि ते डब्याच्या गाभ्यापर्यंत पोचावे लागते. उघड्या भांड्यातले पाणी इतके तापत नाही. महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी तर ते ९६ अंशांच्या आसपासच उकळते. म्हणून कारखान्यांत वाफेच्या दाबाखाली डबे तापवतात.

मग घरचा प्रेशर कुकर का चालू नये? कुकरमधली वाफ पुरेशी तापते, हे खरे. पण बाटलीच्या मध्यापर्यंत उष्णता पोचायला किती वेळ लागतो, हे शिट्ट्या मोजून कळत नाही. लहान कुकर लवकर तापतो आणि लवकर निवतो, त्यामुळे गाभा कच्चा राहण्याचा धोका असतो. तेव्हा घरच्या मटाराला शीतकपाटाचा बर्फाचा कप्पा किंवा वाळवण हेच उत्तम. थंडीत जंतू मरत नाहीत, पण त्यांची वाढ थांबते.

तेलाच्या थरावरही भिस्त ठेवू नये. सन १९८५ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणामुळे ३६ जणांना ही विषबाधा झाली. तेलाने हवा अडवली होती, पण जोडीला आम्ल नव्हते. लोणच्यातले मीठ किंवा आंबटपणा मनाला येईल तसा कमी करू नये, तो यासाठीच. तसे केलेले लोणचे शीतकपाटात ठेवून लवकर संपवावे. आणि फुगलेला किंवा गळका डबा दिसला, तर त्याची चवसुद्धा न घेता तो टाकून द्यावा.

करून पाहा

चार पेल्यांत थोडा थोडा उकडलेला मटार घ्या. पहिल्यात साधे पाणी, दुसऱ्यात मिठाचे दाट द्रावण, तिसऱ्यात साखरेचा दाट पाक आणि चौथ्यात व्हिनेगर घाला. पेल्यांवर पातळ फडके बांधा. झाकण लावू नका. चार दिवस रोज पाहून पाण्याचा गढूळपणा, बुडबुडे आणि बुरशी यांची नोंद वहीत करा. चव मात्र घेऊ नका आणि प्रयोगानंतर सर्व फेकून देऊन हात साबणाने धुवा. कोणता पेला आधी नासला, आणि कोणत्या पहारेकऱ्याने कोणता पेला राखला, याची वर्गात चर्चा करा.