मैदानावरील थट्टा

जालना, अंबड वा भोकरदन, कोठेंहि कबड्डीचा सामना पाहा. चढाई फसली कीं प्रेक्षकांतून आरोळी उठते, "बायल्या!" हरकत घेतली, तर उत्तर मिळतें, ‘अहो, गंमत ती!’

ती खरोखर गंमत आहे काय? हा शब्द बाईपणाला कमी लेखतो. आणि पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषालाहि तोच चिकटविला जातो. थट्टेला उलट उत्तर देतां येतें, म्हणून ती थट्टा. गर्दींतील तशा मुलानें उत्तर दिलें, तर त्याचें गुपितच फुटेल. म्हणून तोहि सर्वांबरोबर हंसतो आणि गप्प राहतो.

हें मौन किती लांबतें, पाहा. १९९० सालीं इंग्रज फुटबॉलपटू जस्टिन फॅशनू यांनीं आपण समलिंगी असल्याचें जाहीर केलें. ब्रिटनमध्यें व्यावसायिक फुटबॉल खेळत असतांना तसें सांगणारा पुढचा पुरुष, जेक डॅनियल्स, २०२२ सालीं पुढें आला. मध्यें ३२ वर्षें गेलीं!

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं प्रौढांच्या परस्परसंमत समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. पुढच्याच वर्षीं धावपटू द्युती चंद यांनीं एका स्त्रीवरील आपलें प्रेम उघडपणें सांगितलें. कायद्याचें काम न्यायालयानें केलें. आरोळी आंवरणें मात्र प्रेक्षकांच्याच हातीं आहे.