सौदी अरेबियातील प्रवेश-नियम आणि सामाजिक शिष्टाचार : एक विवेचन

प्रस्तावना

सौदी अरेबियाची दारे हज, उमरा, नोकरी, व्यापार आणि कौटुंबिक भेट या कारणांखेरीज परकीयांना दीर्घकाळ सहसा उघडी नव्हती. २७ सप्टेंबर २०१९ रोजी ‘व्हिजन २०३०’ या धोरणाचा भाग म्हणून ४९ देशांच्या नागरिकांसाठी पर्यटक ई-व्हिसा सुरू झाला. तेव्हापासून ‘आता तेथे सर्व काही चालते’ आणि ‘तेथे काहीच बदललेले नाही’ अशी दोन टोकाची मते ऐकू येतात. दोन्ही अपुरी आहेत. तेथील बंधनांचे तीन स्तर आहेत : व्हिसाच्या अटी, दंडनीय नियम आणि निव्वळ सौजन्याचे संकेत. हे स्तर वेगळे ओळखणे का आवश्यक आहे, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

व्हिसा : हेतूचे बंधन

व्हिसा ही केवळ प्रवेशाची परवानगी नसून ती प्रवाशाच्या हेतूची नोंद असते. पर्यटक व्हिसावर हजचा काळ वगळता मुस्लिम प्रवाशाला उमरा करता येतो; परंतु हज करता येत नाही. त्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. या नियमामागे गर्दीचे नियोजन आहे. जून २०२४ मधील हजच्या वेळी तीव्र उष्म्यात १३०१ यात्रेकरू मरण पावले. त्यांपैकी ८३ टक्के परवान्याविना आलेले होते आणि निवारा वा विश्रांतीच्या सोयीवाचून उन्हात लांबवर चालले होते, असे सौदी शासनाने जाहीर केले. व्हिसाची अट मोडणे जिवावर कसे बेतू शकते, याचे हे विदारक उदाहरण होय.

नोकरीच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते. पर्यटक वा भेट व्हिसावर काम करणे बेकायदेशीर आहे. कामगाराला रोजगार व्हिसा व त्यानंतर ‘इकामा’ हे निवासपत्र आवश्यक असते. कोकणासह महाराष्ट्राच्या अनेक भागांतून आखाती देशांत नोकरीसाठी जाण्याची परंपरा आहे. ‘आधी भेट व्हिसावर या, पुढचे पाहू’ असे सांगणाऱ्या मध्यस्थावर विसंबणारा तरुण तेथे पोहोचताच कायद्याचे संरक्षण गमावतो. भारतातील १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या मध्यस्थाकडे नोंदणी असणे बंधनकारक आहे. ती तपासणे ही पहिली पायरी होय.

दंडनीय नियम

सप्टेंबर २०१९ मध्येच सार्वजनिक सभ्यतेचे नियम अमलात आले. त्यांत १९ प्रकारची वर्तने दंडनीय ठरविण्यात आली. असभ्य पोशाख, परवानगीविना इतरांचे छायाचित्रण, प्रार्थनेच्या वेळी संगीत वाजविणे, कचरा टाकणे, इतकेच नव्हे तर रांग मोडणे यांचाही त्यांत समावेश आहे. दंड ५० रियालपासून काही हजार रियालपर्यंत आहे. पर्यटक स्त्रियांना अबाया सक्तीचा नाही. मात्र खांदे व गुडघे झाकणारा सैल पोशाख स्त्री-पुरुष दोघांकडूनही अपेक्षित आहे.

मक्का शहरात मुस्लिमेतरांना प्रवेश नाही. अन्य धर्मांची सार्वजनिक उपासना करता येत नाही. सर्वसामान्य पर्यटकाला मद्य निषिद्ध आहे. अमली पदार्थांच्या तस्करीसाठी मृत्युदंडाची तरतूद आहे. या संदर्भात मराठी कुटुंबांनी एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. आपल्या अनारशांवर लावली जाणारी व मसाल्यात पडणारी खसखस तेथे प्रतिबंधित आहे. आईने प्रेमाने बांधून दिलेला डबा सीमाशुल्क तपासणीत गंभीर अडचण निर्माण करू शकतो. गुंगीकारक घटक असलेली औषधेही पूर्वपरवानगीविना नेऊ नयेत.

सौजन्याचे संकेत

काही संकेत मोडल्यास दंड होत नाही, परंतु यजमानाचे मन दुखावते. परस्त्रीने स्वतः हात पुढे केल्याखेरीज पुरुषाने हस्तांदोलन करू नये. देणे-घेणे व खाणे उजव्या हाताने करावे. घरात शिरताना पादत्राणे काढावीत. खजुरासह दिला जाणारा ‘गहवा’ नाकारू नये; पुरेसा झाल्यावर पेला किंचित हलवावा, म्हणजे यजमान पुन्हा भरत नाही. रमजानमध्ये दिवसा चारचौघांत खाणेपिणे व धूम्रपान टाळणे ही मात्र केवळ सभ्यता नव्हे. तेथे ते कायद्यालाही अभिप्रेत आहे.

समारोप

एप्रिल २०१६ मध्ये धार्मिक पोलिसांचा अटकेचा अधिकार काढून घेण्यात आला, जून २०१८ मध्ये स्त्रियांना वाहन चालविण्याची मुभा मिळाली आणि २०२१ मध्ये नमाजाच्या वेळी दुकाने बंद ठेवण्याचे बंधन शिथिल झाले. म्हणजेच तिन्ही स्तरांमधील सीमारेषा सरकत आहेत. दहा वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या नातलगाचा सल्ला म्हणूनच पुरेसा ठरत नाही. निघण्यापूर्वी सौदी शासनाचे अधिकृत संकेतस्थळ व रियाधमधील भारतीय दूतावासाच्या सूचना पाहाव्यात. नियम समजून घेणे म्हणजे त्या समाजाची सर्व मूल्ये स्वीकारणे नव्हे. परक्या घरात पाहुण्याने स्वतःची सुरक्षितता आणि यजमानाचा मान, दोन्ही राखण्याचा तो मार्ग आहे.